बेंबीवरची गाठ: पहिल्या शंकेपासून टाके निघेपर्यंत

12 नोव्हेंबर 2023, लक्ष्मीपूजनाचा दिवस. साडी नेसताना निऱ्या खोचायला गेले आणि बोटाला काहीतरी मऊ लागलं. बेंबीच्या वरच्या कडेला सुपारीएवढा फुगवटा होता. दाबला की आत जायचा, खोकलं की परत वर. दुखत अजिबात नव्हतं. पूजेची घाई होती, बाहेर पोरं फटाक्यांसाठी घाई करत होती, त्यामुळे पदर सारखा केला आणि कामाला लागले.

त्या दिवसाची तारीख मला इतकी पक्की आठवते ती त्या साडीतल्या फोटोमुळे. ही तारीख पुढे किती कामाला येणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी 42 वर्षांची, कराडला एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. दोन मुलं. थोरला 2008 मध्ये नॉर्मल झाला, धाकटी 2012 मध्ये सिझेरियननं. ती अशक्त होती म्हणून त्या वेळी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं नाही. ते 2014 मध्ये दुर्बिणीतून केलं. हे सगळं सांगण्याचं कारण पुढे येईल.

घरात सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बेंबी सरकली असेल, जड उचललंस का?" त्यांनी मला झोपवून बेंबीवर पणती ठेवली आणि तिच्यावर पेला उपडा घातला. मायेनं केलं, मी करू दिलं. आता कळतं की हर्निया (पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतली चरबी किंवा आतडं बाहेर येणं) असताना असं काही ओढून घेणं किंवा पोट चोळून घेणं बरं नाही. 'हर्निया' हा शब्द मला तेव्हा सुचलाच नाही. आमच्याकडे हर्निया म्हणजे वडिलांचा, जांघेतला. 2009 मध्ये ऑपरेशन होईपर्यंत ते कंबरेला पट्टा बांधून शेतात जायचे. तो पुरुषांचा आजार, असंच डोक्यात बसलेलं.

जानेवारीत दोन आठवडे खोकला झाला आणि सुपारीचं लिंबू झालं. दिवसभर खुर्चीवर बसून संध्याकाळी उठताना तिथे ओढ लागायची. शेवटी 12 फेब्रुवारीला फॅमिली डॉक्टरांकडे गेले. फी 150 रुपये. त्यांनी झोपवून पोट दाबलं, सिझेरियनबद्दल विचारलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पोटदुखी, इन्सिजनल हर्निया?' म्हणजे जुन्या टाक्यांच्या जागचा हर्निया असावा, अशी शंका.

सोनोग्राफीला 1,200 रुपये गेले आणि रिपोर्ट आला नॉर्मल! यकृतावर थोडी चरबी, बाकी सगळं ठीक. मी तर खूश झाले. पण घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तर गाठ जिथल्या तिथे.

काय झालं होतं ते नंतर कळलं. त्या केंद्रात माझी झोपवून पोटाच्या आतल्या अवयवांची तपासणी झाली. आडवं पडलं की माझी गाठ आत जायची. ज्यांनी यंत्र फिरवलं त्यांनी गाठ कुठे आहे ते विचारलं नाही, आणि मीही बोट ठेवून दाखवलं नाही. म्हणून पहिली गोष्ट सांगते: अशी गाठ असेल तर चिठ्ठीवर 'पोटाची पुढची भिंत' तपासा असं स्पष्ट लिहून घ्या. यंत्रावरच्या माणसाला बोट ठेवून जागा दाखवा आणि उभ्यानं, खोकून, जोर लावून बघायला सांगा. घरी उभ्यानं, बाजूनं एक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मी नंतर ठेवला आणि त्याचा उपयोग झाला.

त्यानंतर तीन आठवडे मी काहीच केलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे हीच ढाल. मधल्या काळात मुलाच्या जिमच्या ट्रेनरनं पोट कमी करायला झोपून उठून बसायचे, सिट-अप्ससारखे पोटाचे व्यायाम सांगितले, कारण झोपून डोकं उचललं की माझ्या छातीपासून बेंबीपर्यंत एक उभी वरवंट्यासारखी रेघ फुगायची. ते चार दिवस केले आणि गाठ दुखायला लागली. 7 मार्चला आमच्या ऑफिसातल्या एका ताईंनी हात धरून सर्जनकडे नेलं. कन्सल्टिंग 500 रुपये, नंबर 31वा, सकाळी अकराला गेलेली मी दोनला आत.

ती पंधरा मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. डॉक्टरांनी आधी झोपवलंच नाही. "ताई, उभ्या राहा. आता बोटानं दाखवा, नक्की कुठे." मी दाखवलं. "मान वळवून खोका." त्यांची बोटं गाठीवर होती. मग विचारलं, "झोपल्यावर आपोआप जाते का दाबावी लागते? आत गुडगुड होते का? कधी लाल झाली, उलटी झाली?" मग झोपवून गाठ आत ढकलली आणि करंगळीचं टोक भोकात घालून कडा चाचपल्या. मला स्वतःला ती कड कळली, अंगठीसारखी कडक. मग म्हणाले, "आता हात न टेकता डोकं उचला." ती उभी रेघ फुगली. मग दोन्ही जांघाही तपासल्या, उभ्यानं आणि खोकायला लावून. मला अवघडल्यासारखं झालं, पण तिथे नर्सताई होत्या आणि डॉक्टरांनी आधी विचारलं होतं.

तपासून झाल्यावर त्यांनी जुन्या कागदाच्या पाठीवर पोटाचं चित्र काढलं. तो कागद मी जपून ठेवलाय. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहिते.

मधली उभी रेघ हा हर्निया नव्हे. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात आणि मधला पडदा सैल पडतो. तिथे भोक नसतं, त्यामुळे आतडं अडकायची भीती नसते. दिसायला मात्र मोठं दिसतं, म्हणून बायका घाबरतात. माझ्यात तेही होतं आणि त्याच रेघेवर, बेंबीच्या कड्यात, खरं भोकही होतं. दोन्ही एकत्र असली की गोंधळ होतो, आणि नुसत्या रेघेवरचे व्यायाम केले की भोकावर ताण येतो. माझ्या चार दिवसांच्या व्यायामाचं तेच झालं.

मध्यरेषेवरच पण बेंबीच्या बरंच वर, छातीच्या हाडाच्या आणि बेंबीच्या मध्ये गाठ असेल तर तो एपिगॅस्ट्रिक हर्निया. तो बऱ्याचदा वाटाण्याएवढा असतो, त्यात चरबीच अडकते आणि आकाराच्या मानानं दुखतो जास्त. लोक अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या घेत राहतात. एकाच माणसाला असे दोन-तीनही असू शकतात, म्हणून पूर्ण रेघ चाचपावी लागते. जिथे आधी ऑपरेशनचा छेद गेलाय तिथून फुगवटा आला तर तो इन्सिजनल.

इथेच माझ्या बाबतीत खरा प्रश्न होता. सिझेरियनची खूण खाली, ओटीपोटाच्या घडीत. माझी गाठ तिच्यापासून वीतभर वर, त्यामुळे सिझेरियनचा संबंध नाही हे डॉक्टरांनी लगेच सांगितलं. मग ते थांबले आणि बॅटरीनं बेंबीच्या आत बघायला लागले. "दुर्बिणीतून काही झालंय का?" 2014 चं ऑपरेशन मी सांगायचंच विसरले होते! दुर्बीण बेंबीजवळून घालतात. माझ्या बेंबीच्या खालच्या घडीत सेंटिमीटरभर पांढरी रेघ होती, मलाही ती माहीत नव्हती. त्या खुणेतून गाठ येत असेल तर नाव इन्सिजनल, बेंबीच्या मूळच्या कड्यातून येत असेल तर अंबिलिकल. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

"फरक पडतो का?" मी विचारलं. ते म्हणाले, पडतो. छेदाच्या जागचा असेल तर आजूबाजूला आणखी कमजोर जागा आहे का ते बघावं लागतं, आत आतडं चिकटलेलं असू शकतं, आणि ऑपरेशनचा बेत त्याप्रमाणे ठरतो.

मग पुन्हा सोनोग्राफी, दुसऱ्या केंद्रात, 1,400 रुपये. या वेळी चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी छोटा चपटा प्रोब घेतला, मला उभं केलं, हाताच्या मुठीत फुंकर मारल्यासारखा जोर लावायला सांगितला आणि पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या-करड्या पट्टीत एक फट होती. जोर लावला की तिच्यातून पांढरट काहीतरी मशरूमसारखं वर यायचं, सोडला की खाली. "ही पोटातली चरबीची झालर आहे, आतडं नाही," त्या म्हणाल्या. भोक 1.8 सेंमी, बेंबीच्या कड्यात वरच्या अंगाला. खालच्या जुन्या खुणेखालचा थर सलग. रिपोर्टवर शब्द आला: अंबिलिकल हर्निया. सीटी स्कॅनची गरज पडली नाही.

मोठ्या माणसांत हे भोक आपोआप भरत नाही. लहान बाळाची गोष्ट वेगळी, आणि ती मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या जावेच्या नातवाची बेंबी फुगलेली होती आणि तिथे नाणं ठेवून फडकं बांधलेलं होतं. बाळाचा बेंबीचा हर्निया बहुतेक वेळा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत आपला आपण बंद होतो. नाण्यानं तो लवकर बंद होत नाही, उलट कातडी सोलवटते. मी जावेला फोन केला, तिनं त्याच दिवशी नाणं काढलं आणि बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं.

ऑपरेशन ठरलं, पण मी महिना मागून घेतला. पतसंस्थेत मार्च अखेर म्हणजे श्वास घ्यायला वेळ नसतो. डॉक्टर हो म्हणाले, कारण गाठ आत जात होती. पण एका कागदावर लिहून दिलं: गाठ आत जाईनाशी झाली, कडक किंवा लाल झाली, फार दुखायला लागली, उलट्या झाल्या, गॅस सरेनासा झाला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच यायचं. तो कागद मी फ्रिजवर लावला आणि ह्यांना वाचून दाखवला. त्या महिन्यात खोकला पूर्ण बरा केला, रात्री इसबगोल घेतला, पाण्याच्या कळशा मुलानं भरल्या, माझं वजन 71 वरून 68 वर आलं. "मिश्री लावता का?" हाही प्रश्न होता. मी लावत नाही, पण आमच्या भागात कितीतरी जणी लावतात. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, म्हणून ऑपरेशनच्या महिना-दीड महिना आधी ती बंद करायला सांगतात.

आता मेडिक्लेम. आमची पॉलिसी जुलै 2021 ची. आमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत काही ठरावीक आजारांना 24 महिन्यांचा प्रतीक्षा काळ होता, म्हणजे तेवढ्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही, आणि त्या यादीत हर्निया होता. आमचा तो जुलै 2023 मध्ये संपला होता. गाठ दिसली नोव्हेंबरमध्ये. म्हणजे सरळ काम. 22 एप्रिलला हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याचे कागद बघतात तिथे) आधार, पॅन, पॉलिसी कार्ड, दोन्ही सोनोग्राफी आणि सगळ्या चिठ्ठ्या दिल्या. 23 ला दुपारी विमा कंपनीची क्वेरी, म्हणजे विचारणा, आली. दोन मुद्दे: आजार पॉलिसीच्या आधीपासून होता का, आणि पूर्वीच्या ऑपरेशनशी संबंधित आहे का, असल्यास त्याची कागदपत्रं द्या.

दोन्हींचं मूळ कागदात होतं. फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'इन्सिजनल?' होतं. आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर शिकाऊ डॉक्टरांनी 'तक्रार 2 वर्षांपासून' लिहिलं होतं. मी त्यांना बोलता बोलता "दोन वर्षांपासून पोट सुटलंय" म्हणाले होते. ते पोट सुटणं आणि ही गाठ, दोन वेगळ्या गोष्टी. पण कागदावर एकच ओळ झाली, आणि त्या कागदावर मी न वाचता सही केली होती.

त्या रात्री मी रडले. लोखंडी कपाटातला खालचा खण जमिनीवर ओतला. 2012 चं डिस्चार्ज कार्ड सापडलं, 2014 चं नसबंदीचं प्रमाणपत्र मुलीच्या लसीकरणाच्या कार्डात घडी घालून ठेवलेलं होतं. रात्री साडेबाराला ह्यांनी चहा केला आणि आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला: गाठ प्रथम 12 नोव्हेंबर 2023 रोजी दिसली, त्यापूर्वी नव्हती. सर्जननी दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर चार ओळी दिल्या, की भोक बेंबीच्या मूळ कड्यात आहे, जुन्या छेदात नाही, आणि रुग्णानं सांगितलेला कालावधी पाच महिन्यांचा आहे. केसपेपरवर दुरुस्ती करून त्यांनी स्वतः सही केली. 24 ला संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मंजुरी आली. केसपेपर वाचून मगच सही करा, आणि तारीख खरी तीच, पण नेमकी सांगा, एवढंच म्हणेन.

25 एप्रिल, गुरुवार. दुर्बिणीतून की उघडं, हा प्रश्न आधीच सुटला होता. अंदाज होता उघड्याला 65,000, दुर्बिणीला 1,10,000. माझ्या भोकाच्या मापाला उघडी पद्धत पुरेशी होती, आणि जाळी घालायचीच होती. भोक सेंटिमीटरपेक्षा मोठं असलं की नुसत्या टाक्यांपेक्षा जाळी घातलेली बरी, परत होण्याचं प्रमाण कमी राहतं. मी जाळीला घाबरत होते. डॉक्टर म्हणाले, "ब्लाउजला अस्तर कशाला लावता?" एवढ्यावर मला पटलं. जीर्ण कापडाला नुसता टाका मारला की शेजारून उसवतं. अस्तर भोकापेक्षा चारी बाजूंनी तीन सेंटिमीटर जास्तीचं लावायचं.

थिएटरमध्ये नेण्याआधी त्यांनी मला पुन्हा उभं केलं आणि गाठीभोवती पेनानं गोल काढला, कारण झोपल्यावर ती दिसत नाही. कंबरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं. मी जागी होते, हिरव्या पडद्यापलीकडे बोलणं ऐकू येत होतं. पाऊण तासानं डॉक्टर पडद्यावरून डोकावून म्हणाले, "ताई, बेंबीचाच होता. जुनी खूण शाबूत आहे." का कुणास ठाऊक, त्या वाक्यानं मला फार हायसं वाटलं.

पहिली रात्र कठीण. खोकला आला तर पोटावर उशी घट्ट धरायची, उठताना कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठायचं, हे नर्सताईंनी शिकवलं. 27 ला डिस्चार्ज. बिल 68,400, मंजूर 61,250. वरचे 7,150 आम्ही भरले: हातमोजे, पोटाचा पट्टा, नोंदणी, असल्या गोष्टी पॉलिसीत बसत नाहीत. सकाळी दहाला घरी जायचं ठरलं आणि अंतिम मंजुरी यायला दुपारचे साडेचार झाले. नंतर 29 मे 2024 ला आयआरडीएआयनं (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) परिपत्रक काढलं: कॅशलेसची, म्हणजे बिल थेट विमा कंपनीनं भरायची, पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत द्यायची. तुमच्या वेळी उशीर झाला तर डेस्कवर याची आठवण करून द्या.

नवव्या दिवशी बेंबीजवळ परत फुगवटा आला. माझे हातपाय गार पडले. वाटलं, सगळं वाया गेलं. तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पुन्हा तेच केलं: हात ठेवला, "खोका." या वेळी बोटाखाली काही उसळलं नाही, आणि झोपल्यावर गाठ आतही गेली नाही. ते म्हणाले, हे पाणी साठलंय, जाळीभोवती साठतं, आपोआप जिरेल. महिनाभरात जिरलं.

7 मे ला साताऱ्याचं मतदान होतं. पट्टा बांधून, रांगेत खुर्ची मागून घेऊन मत दिलं आणि तिथूनच टाके काढायला गेले. मेच्या शेवटी ऑफिस सुरू केलं, रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर हळूहळू चालायला लागले. 10 जूनच्या तपासणीत डोकं उचलून दाखवलं तर ती उभी रेघ आहेच. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ती राहणार. तिच्यासाठी फिजिओथेरपीचे वेगळे व्यायाम आहेत, तीन महिन्यांनंतर सुरू करायचेत.

त्या दिवशी निघताना मी सहज विचारलं, की पहिल्या दिवशी जांघा का तपासल्या होत्या. ते म्हणाले, जांघेच्या घडीच्या वर येतो तो वडिलांसारखा, पुरुषांत जास्त. पण घडीच्या खाली, मांडीच्या मुळाशी येतो तो फेमोरल, आणि तो बायकांत जास्त, विशेषतः वय झालेल्या. बारीक असतो, बायका दाखवत नाहीत, तपासणारेही कधी साडी बाजूला करून बघत नाहीत, आणि अडकण्याचा धोका त्यालाच जास्त.

रविवारी माहेरी गेले तेव्हा आईला सगळं सांगत होते. ती भाजी निवडत ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "मला पण हाय गं एक बारकी, उजव्या मांडीला, वरच्या अंगाला. दोन वर्षं झाली. दुखत नाही म्हणून बोलले नाही."

आई 68 वर्षांची आहे. परवा, गुरुवारी सकाळी अकराला तिचा नंबर लावलाय. चिठ्ठीवर मी लिहून ठेवलंय: कुठे आहे, कधी दिसली, झोपल्यावर जाते का, आणि उभ्यानं तपासा. रात्री लागलाच तर आमच्या फ्रिजवरचा कागदही तिच्या पिशवीत घातलाय.